भोपळा आधी भाजा, गूळ मागून घाला

लाल भोपळ्याचा मसालेदार स्प्रेड करायचा असेल तर भोपळा पाण्यात शिजवायचा नाही, भाजायचा. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या आवडीनं बदलता येतं. दालचिनी कमी करा, लवंग वाढवा, गुळाऐवजी साखर घाला, चालतं. भाजण्याचं मात्र बदलता येत नाही. १०० ग्रॅम भोपळ्यात ९० ग्रॅमच्या वर पाणीच असतं. त्यात आणखी पाणी ओतायचं आणि मग तेच आटवत तासभर गॅसपाशी उभं राहायचं, यात गॅसही जातो आणि चवही.

आमचं शेत हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापासून जवळ. ऊस आणि हळद. पावसाळ्यात पाणी कुठवर चढेल याचा नेम नसतो, म्हणून बांधावर भोपळ्याच्या बिया लावायच्या त्या पाणी ओसरल्यावर, गणपतीच्या आसपास. मग वेल आपल्या आपण उसाच्या कडेनं पसरत जातो आणि संक्रांतीच्या सुमाराला एकदम भोपळेच भोपळे. शेजारी वाटून झाले, जावांकडे पोचवले, तरी माळ्यावर ओळ असतेच. दाण्याचं कूट घालून भाजी, भरीत, घारगे, खीर, हे सगळं आमच्याकडे आवडीनं होतं. पण महिनाभर रोज कोण खाणार?

माझ्या बहिणीची मुलगी अमेरिकेत इलिनॉयमध्ये राहते. तिकडे डब्यात मिळणारा भोपळ्याचा शिजवलेला गर मुख्यतः याच राज्यात पिकलेल्या भोपळ्यांचा असतो. ऑक्टोबर लागला की घराघरांतून दालचिनी-जायफळाचा वास येतो, म्हणते. असा स्प्रेड तिनं तिकडेच पहिल्यांदा खाल्ला आणि गेल्या थंडीत सांगलीला आली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून आपल्या भोपळ्याचा, आपल्या गुळाचा केला. तेव्हापासून माळ्यावरच्या ओळीला माझ्या घरात हक्काची वाट मिळाली आहे.

भोपळा निवडताना जून बघायचा. देठ वाळून लाकूड झालेला हवा, साल नखानं दाबली तर नख रुतता कामा नये, आणि हातात घेतल्यावर दिसतो त्यापेक्षा जड लागला पाहिजे. कोवळा, हिरवट सालीचा भोपळा भाजीला छान. स्प्रेडला तो पाणचट. तोडल्याबरोबर लगेच वापरण्यापेक्षा देठासकट तीन-चार आठवडे कोरड्या जागी ठेवलेला चांगला, कारण ठेवल्यावर त्यातल्या पिठूळपणाची हळूहळू साखर होते. मंडईतून चिरलेली फाक घेणार असाल तर आतला रंग गडद केशरी आहे का आणि बिया भरलेल्या, टपोऱ्या आहेत का एवढं बघा. बिया चपट्या असतील तर फळ पुरतं पिकलेलं नाही.

अख्खा भोपळा आमच्याकडे बाई फोडत नाही, पहिला घाव घरातल्या पुरुषानं घालायचा. हे मी पाळते. आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, तो आग्रह आहे, आणि जून भोपळ्यावर विळा घसरतो तेव्हा कोयता धरणारा दांडगा हात जवळ असलेला बराच. मुलगा कॉलेजला जायच्या आधी दोन भकलं करून देतो, पुढचं माझं.

माप सांगते. दोन किलोचा भोपळा घेतला तर बिया, दोरे काढून, भाजून, साल सोडवून साधारण एक किलो गर निघतो. सगळं प्रमाण या एक किलो गराला धरून दिलं आहे.

साल आधी काढायची नाही. कच्च्या भोपळ्याची साल सोलताना हात दुखतो आणि सुरी निसटायची भीती. सालीसकट मोठ्या फाका करायच्या, आतल्या बाजूला बोटभर तूप आणि चिमूटभर मीठ चोळायचं, आणि ओव्हन असेल तर २०० अंशांवर, चिरलेली बाजू खाली करून, पाऊण ते एक तास. कडा तपकिरी झाल्या, सुरी अलगद आत गेली, की झालं. त्या तपकिरी कडा म्हणजे निम्मी चव. उकडलेल्या भोपळ्याला ती कधीच येणार नाही, मसाला कितीही घाला. गार झाल्यावर चमच्यानं गर सहज निघतो, साल कागदासारखी हातात राहते.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची लोखंडी कढई घ्या. सालीची बाजू खाली ठेवून फाका मांडा, वर झाकण, मंद आच, अर्धा-पाऊण तास. पाण्याचा थेंब घालायचा नाही, भोपळा स्वतःच्या पाण्यावर शिजतो. मऊ झाला की झाकण काढून, फाका उलटवून, कडांना चांगला रंग येऊ द्यायचा. कुकर हा तिसरा मार्ग, फारच घाई असेल तर. भांड्यात पाणी न घालता आणि वर घट्ट झाकणी ठेवून, म्हणजे वाफेचं पाणी आत ठिबकत नाही.

कुठल्याही मार्गानं केलात तरी गर पातळ सुती कापडात बांधून चक्क्यासारखा टांगा. थंडीत दोन तास बाहेर चालेल, उन्हाळ्यात फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवा. खाली केशरी, गोडसर पाणी जमतं. त्यातलं थोडं गुळासाठी बाजूला ठेवून बाकीच्या पाण्यात मी चपातीची कणीक मळते. चपात्यांना सुरेख रंग येतो आणि मुलं कुरकुर न करता खातात. निथळलेला गर मिक्सरमधून फिरवून घ्यायचा. दोरे राहिले असतील तर पुरणयंत्रातून काढायचा, ते जास्त चांगलं.

आता गुळाचं. बहुतेक जण सगळं एकदम पातेल्यात घालून ढवळायला घेतात. गूळ आधी का नाही, हे मला आत्यांच्या एका आठवणीतून नीट कळलं. त्यांच्या माहेरी गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळत असला की घरातली पोरं भोपळ्याची फोड सुतळीला बांधून आत सोडायची आणि गूळ उतरायच्या आधी ओढून काढायची. "तासभर रटरटली तरी फोड मोडायची न्हाई," आत्या सांगतात, "आतनं गोड झालेली, पण दाताला लागायची." बरोबरच आहे. साखरेच्या घट्ट पाकात भाजीचे तंतू सैल होत नाहीत, उलट आवळून येतात. आमटीत गूळ लवकर पडला की डाळ दडस राहते, त्यातलाच हा प्रकार. गुऱ्हाळावर ती फोड टिकायला हवी होती. आपल्याला तर भोपळा पार विरघळायला हवा आहे. म्हणून तो आधी पूर्ण मऊ, मग कोरडा, आणि मगच गोड.

जाड बुडाच्या पातेल्यात एक चमचा तूप टाकून मंद आचेवर नुसता गर पंधरा मिनिटं परता. भाचीच्या पद्धतीत तूप नाही. मी घालते. भोपळ्याचा केशरी रंग ज्या द्रव्याचा आहे ते अंगी लागायला थोडा स्निग्धपणा लागतो, आणि मसालाही तुपात खुलतो. या वेळी गराचे बुडबुडे फुटून थेट मनगटावर उडतात आणि चटका चांगला बसतो, म्हणून लांब दांड्याचं उलथणं घ्या, झाकण तिरकं ठेवा, लहान मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

गर उलथण्याला लागून उचलला जाऊ लागला की मग गूळ. एक किलोला पाव किलो. भोपळा फार गोड असेल तर दोनशे ग्रॅम पुरतो. गूळ चिरून, बाजूला ठेवलेल्या भोपळ्याच्या पाण्याच्या दोन-तीन चमच्यांत विरघळवून, गाळून घालायचा. कितीही चांगला गूळ असला तरी गाळायचा, दाताखाली कचकच आली की सगळी मेहनत वाया. मी मार्केट यार्डातून आणते तो गडद, मऊ गूळ, पिवळाधमक नव्हे. गडद गुळाची किंचित कडसर चव लवंगेला धरून राहते. चिक्कीचा गूळ नको, गार झाल्यावर स्प्रेड ताणला जातो. काकवी घालून बघावी असं वाटेल. चव उत्तम येते, फक्त पाणी पुन्हा वाढतं, मग आटवायला वेळ द्यायची तयारी ठेवा.

गूळ पडल्याबरोबर सगळं पुन्हा सैल होतं. घाबरायचं कारण नाही. आणखी वीस-पंचवीस मिनिटं, बुडाला लागू न देता.

याच वेळी दोन मुठी तासगावचे बेदाणे, तासभर कोमट पाण्यात भिजवून वाटलेले, मी घालते. हे माझं स्वतःचं, भाचीच्या कृतीत नाही. बेदाण्याचा गोडवा गुळापेक्षा वेगळा असतो आणि द्राक्षाचं मुळातलं आंबटपण त्यात थोडं शिल्लक असतं, त्यामुळे भोपळ्याचा सपाटपणा जातो. शेवटी एका मोठ्या लिंबाचा रस. लिंबू चवीसाठी आहे हे लक्षात ठेवा, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

मसाला गणपती पेठेतून अख्खा आणायचा आणि घरी कुटायचा. बोटभर लांबीचे दालचिनीचे दोन तुकडे, सहा लवंगा, आठ मिरे, एक चहाचा चमचा सुंठपूड, पाव जायफळ. दालचिनी, लवंग, मिरे तव्यावर फक्त गरम होईपर्यंत शेकायचे, रंग बदलू द्यायचा नाही. कुटून बारीक चाळणीनं चाळायचे, कारण चपातीवर लावायच्या पदार्थात दालचिनीचा भुसा जिभेला टोचतो. आल्याऐवजी सुंठ का, असं मला विचारतात. साताऱ्याकडचं, कोरेगाव भागातलं आलं आमच्या बाजारात मुबलक येतं आणि चहाला मला तेच लागतं. पण ओल्या आल्याला दोरे असतात आणि इतका वेळ शिजवल्यावर त्याचा ताजेपणा उडून जातो. आलं वाळून सुंठ झालं की तिखटपणा वाढतो, तो मंद आचेवरही टिकतो. जायफळ मात्र गॅस बंद केल्यावरच किसायचं. वेलदोडा मी मुद्दाम घालत नाही. वेलदोडा पडला की आपल्या जिभेला शिरा-खीर आठवते आणि बाकीचे मसाले मागे पडतात. तिकडच्या मिश्रणात आणखी एक दाणा असतो, कॅरिबियन बेटांकडचा, त्याला लवंग, दालचिनी, जायफळ तिन्हींचा एकत्र वास येतो. ते तिन्ही आपल्या डब्यात आहेतच, म्हणून तो शोधत फिरायची गरज नाही.

रंग बघून पाहुणे हमखास विचारतात, हळद घातली का? घरात हळदीला तोटा नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हरिपूरची जमिनीखालची पेवं, जिथे हळद वर्षानुवर्षं साठवायचे, ती तर आमच्या शेजारची. २००५ च्या पुरात त्यातली कित्येक निकामी झाली, त्याचं दुःख गावात अजून निघतं. पण या स्प्रेडला हळद नको. रंग भोपळ्याचा स्वतःचा आहे, आणि हळदीचा वास आला की जायफळ दिसेनासं होतं.

झालं की नाही हे ओळखायला एक बशी फ्रीजमध्ये गार करून ठेवा. तिच्यावर चमचाभर स्प्रेड टाका आणि दोन मिनिटं थांबा. गोळ्याभोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून आटवायचं. कडं नाही आणि गोळा पसरला नाही, की गॅस बंद. जॅमसारखा तो थरथरत गोठणार नाही, तशी वाट बघत बसू नका. वाट बघत राहिलात तर शेवटी वडी होईल.

आता साठवण. इथे मी हटून बसते आणि बसणारच.

हा स्प्रेड बरणीत भरून फडताळात ठेवायचा नाही. करून पूर्ण गार व्हायची वाट न बघता, वाफ जिरली की लहान, कोरड्या बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये. आठ-दहा दिवसांत संपवायचा. जास्त दिवस हवा असेल तर लहान डब्यांत, वर बोटभर जागा सोडून, फ्रीझरमध्ये. तिथे तीन-चार महिने चव चांगली राहते. डब्यावर तारीख लिहायची. चमचा कोरडा आणि स्वच्छ.

मला सगळ्याजणी म्हणतात, "अगं, मोरावळा वर्षभर बाहेर राहतो, लोणचं राहतं, मग याला काय होतंय? गूळ आहे, लिंबू आहे." बी.एस्सी.ला मला सूक्ष्मजीवशास्त्र होतं, तेव्हा हे नीट सांगायची जबाबदारी मी माझी मानते. लोणचं टिकतं ते मीठ, तेल आणि आंबटपणामुळे. मोरावळ्यात आवळा मुळात आंबट आणि पाक इतका दाट की जंतूंना वाढायला मोकळं पाणीच मिळत नाही. भोपळ्यात यातलं काही नाही. आंबटपणा मोजायच्या पीएच मापात (आकडा जितका कमी तितका पदार्थ जास्त आंबट) भोपळा ५ च्या आसपास किंवा वर असतो, आणि बंद बाटलीत पदार्थ सुरक्षित राहायला तो ४.६ च्या खाली लागतो. त्याच्या वर असेल तर क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जिवाणू हवा नसलेल्या बाटलीत वाढू शकतो. त्याचे बीजाणू मातीत असतात, साध्या उकळीनं मरत नाहीत, आणि त्यानं तयार केलेलं विष जिवावर बेतू शकतं. बाटली उघडल्यावर वासावरून, चवीवरून ते कळेलच असं नाही. आपण बुरशी दिसली तर टाकतो. इथे दिसायला काहीच नसतं.

अमेरिकेत घरोघरी बाटल्या भरायची जुनी पद्धत आहे. तिथलं कृषी खातं भोपळ्याच्या फोडी प्रेशरखाली बाटलीबंद करायची रीत देतं, पण भोपळ्याच्या गराला किंवा स्प्रेडला घरी बाटलीबंद करायची रीत देतच नाही. कारण गर दाट असतो, बाटलीच्या मध्यापर्यंत उष्णता किती पोचली याचा भरवसा नसतो, आणि प्रत्येक भोपळा दाटपणात नि आंबटपणात वेगळा. फ्रीज किंवा फ्रीझर, एवढंच ते सांगतात. म्हणून आपण घरात अंदाजानं एक लिंबू पिळून त्याला टिकाऊ समजायचं नाही. आपण हा स्प्रेड कुणाला तरी डब्यात घालून देतो. तो डबा कुणाच्या तरी नातवाच्या चपातीवर जाणार असतो. देताना मी फ्रीजमध्ये ठेवा असं तोंडानं सांगते, शिवाय झाकणावर लिहून देते.

खायला चपातीबरोबर, धपाट्याबरोबर, सकाळी भाकरीच्या कुटक्यावर तूप सोडून. थालीपिठावर मला सगळ्यात आवडतो. भाची ब्रेडवर आणि दह्यात घालून खाते, दह्यातला खरंच छान लागतो.

आत्यांना गोड फार चालत नाही. पहिल्यांदा केला तेव्हाच त्यांनी ओट्यापाशी येऊन विचारलं, "काय करालीस गं एवढा वेळ?" आणि बोटानं चाटून झाल्यावर, "बरं हाय. पर माझ्यापुरतं तिखट काढ की." तेव्हापासून गूळ घालायच्या आधी दोन वाट्या गर त्यांच्यासाठी बाजूला निघतो. तेलात जिरं, ठेचलेला लसूण, आपला कांदा-लसूण मसाला एक चमचा, चिंचेचा कोळ, मीठ, वरून भाजलेल्या तिळाचं कूट. सुपारीएवढा गूळ. ज्वारीच्या भाकरीबरोबर याला तोड नाही. हाही फ्रीजमध्येच, आणि लसूण असल्यामुळे तीन-चार दिवसांतच संपवायचा.

बिया धुऊन उन्हात वाळवते. अर्ध्या मीठ लावून भाजायच्या, अर्ध्या राखेत घोळून पुढच्या वर्षाला.

आमच्या गल्लीतल्या बचत गटातल्या बायकांना हा स्प्रेड फार आवडला आणि बाटल्या भरून प्रदर्शनात विकू या असं ठरत आलं होतं. मी नाही म्हटलं. विकायचा तर परवाना, प्रयोगशाळेतून पीएचची तपासणी, स्टॉलवर दिवसभर थंड ठेवायची सोय, हे सगळं हवं, आणि आत्ता आमच्याकडे त्यातलं काही नाही. थोडी नाराजी झाली. मग एकीनं सुचवलं की मसाल्याच्याच पुड्या करू, बाकी मसाले तर आपण विकतोच. ते सगळ्यांना पटलं. कोरडा मसाला, एका किलो गराला पुरेल एवढी पुडी, आत कृतीचा कागद. दालचिनी कुठली वापरायची, पातळ पापुद्र्यांची महाग की जाड सालीची स्वस्त, यावर अजून एकमत नाही. मी पातळ सालीच्या बाजूची आहे. जाड सालीची दालचिनी झणझणीत असते आणि भोपळ्याची चव झाकते. येत्या बैठकीला दोन्ही मसाल्यांचा थोडा थोडा स्प्रेड करून नेणार आहे, चाखून ठरवतील.